बिशप बार्बरा हॅरिस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्बरा हॅरिस यांचं नाव निघालं की तेच तेच प्रश्न समोर येतात. ख्रिस्ती वाचकांचे वेगळे, इतरांचे वेगळे. ते सगळे इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि वादाचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे फक्त दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बार्बरा हॅरिस कोण होत्या? थोडक्यात सांगा.

बार्बरा क्लेमेंटाइन हॅरिस (१२ जून १९३० – १३ मार्च २०२०) या जगभरातल्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून निघालेल्या, परंपरेतल्या पहिल्या महिला बिशप. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या कृष्णवर्णीय घरात त्या जन्मल्या. ११ फेब्रुवारी १९८९ रोजी बॉस्टनमध्ये त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला, तेव्हा त्या ५८ वर्षांच्या होत्या. हे वय लक्षात ठेवा. त्याआधी जवळजवळ तीस वर्षं त्यांनी जनसंपर्काची नोकरी केली होती आणि प्रीस्ट झाल्या त्या पन्नासाव्या वर्षी. लोक विचारतात ते १९८९ बद्दल. मला मात्र त्यांची ओळख पटली ती त्या आधीच्या पन्नास वर्षांतून, म्हणून खाली त्या वर्षांना जास्त जागा दिली आहे.

२. बिशप म्हणजे नेमकं काय? आमच्या गावच्या पाळकसाहेबांपेक्षा वरचं पद का?

हो. अँग्लिकन मंडळीत तीन पायऱ्या असतात: डीकन, प्रीस्ट आणि बिशप. प्रीस्ट म्हणजे आपण ज्यांना पाळक किंवा रेव्हरंड म्हणतो ते. बिशपांकडे अख्खा धर्मप्रांत असतो. नव्या पाळकांना दीक्षा देणं आणि दृढीकरण करणं (बाप्तिस्मा झालेल्यांना डोक्यावर हात ठेवून श्रद्धेत पक्कं करणं) ही कामं बिशपांचीच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देखरेख करणारा, आणि मराठी बायबलात तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात त्यासाठी ‘अध्यक्ष’ असा शब्द आला आहे.

नवा बिशप होताना आधीचे बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. त्यांच्या डोक्यावर त्यांच्या आधीच्यांनी ठेवलेले असतात. असं मागे मागे जात ही साखळी येशूच्या प्रेषितांपर्यंत पोचते, अशी श्रद्धा आहे. बाईच्या डोक्यावर हात ठेवले तर ही साखळी पुढे जाते की तुटते, यावरच सगळं भांडण झालं.

अमेरिकेतल्या अँग्लिकन मंडळीला एपिस्कोपल चर्च म्हणतात. आपल्याकडची जुनी अँग्लिकन चर्चेस आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे सीएनआयमध्ये आहेत. ही एकत्रित मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झाली, तीही नागपुरात.

३. त्यांचं बालपण कसं गेलं? घरचे पाद्री होते का?

नाही. वडील पोलादाच्या कारखान्यात कामाला होते. आई बिअ‍ॅट्रिस जर्मनटाउन भागातल्या सेंट बार्नबस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. पणजी मेरीलँड राज्यात गुलामगिरीत जन्मलेली. म्हणजे गुलामगिरीची गोष्ट या घरात पुस्तकातून आलेली नव्हती, ती माणसाच्या तोंडून ऐकलेली होती.

आई ऑर्गनवर असली की मुलं चर्चमध्येच वाढतात, हे आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांना सांगायला नको. बार्बरा तिथेच संडे स्कूलला गेल्या, तिथेच त्यांनी पुढे तरुण मंडळ उभं केलं. १९४८ मध्ये त्या मुलींच्या सरकारी हायस्कूलमधून बाहेर पडल्या आणि १९५० मध्ये जाहिरात व पत्रकारितेचा अभ्यासक्रम पूर्ण केला. बी.ए. वगैरे पदवी त्यांनी घेतली नाही. हा मुद्दा पुढे त्यांच्या विरोधकांनी फार ताणला (प्रश्न ९).

फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय अँग्लिकनांची परंपरा जुनी आहे. गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना जागेवरून उठवलं गेलं म्हणून बाहेर पडलेल्या लोकांनी १७९४ मध्ये इथे आपलं सेंट थॉमस चर्च उघडलं. त्यांचे पुढारी अ‍ॅब्सलम जोन्स हे एपिस्कोपल चर्चचे पहिले कृष्णवर्णीय प्रीस्ट झाले. बार्बराबाईंचा ताठ कणा समजून घ्यायचा तर ही मागची ओळ माहीत असावी.

४. त्या नोकरी कसली करत होत्या? आणि नागरी हक्कांच्या चळवळीत कशा आल्या?

शिक्षण संपल्यावर त्या फिलाडेल्फियातल्या एका कृष्णवर्णीय मालकाच्या जनसंपर्क कंपनीत लागल्या. मोठमोठ्या कंपन्यांना कृष्णवर्णीय ग्राहकांपर्यंत पोचायला मदत करणं, हा तिचा धंदा. पुढे बार्बरा त्या कंपनीच्या अध्यक्षा झाल्या. १९६८ मध्ये त्या सन ऑइल या तेल कंपनीत गेल्या आणि तिथेही जनसंपर्क खात्यात वरच्या पदापर्यंत चढल्या. १९६८ साली एका तेल कंपनीच्या बैठकीत कृष्णवर्णीय बाई टेबलाशी बसलेली असणं, हे डोळ्यांसमोर आणून पाहा.

ही नोकरी सांभाळून त्यांनी चळवळ केली. त्या हक्काच्या रजा टाकून मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनव्हिल गावी जायच्या, मतदार नोंदणी करायला. तेव्हा दक्षिणेत कृष्णवर्णीय माणसाला मतदार यादीत नाव घालायचं तर कारकुनासमोर वाचन-लेखनाची परीक्षा द्यावी लागे, आणि पास-नापास ठरवणारा तोच कारकून. नाव नोंदवायला गेलेल्याची नोकरी जायची, घर जाळलं जायचं. अशा घरांच्या पायरीवर बसून, अर्ज कसा भरायचा ते समजावत आणि भीतीने मागे फिरणाऱ्याला थोपवत उन्हाळ्याची सुट्टी घालवणारी ही शहरी बाई. १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा निघाला, त्यातही त्या चालल्या.

५. ‘फिलाडेल्फियाच्या अकरा जणीं’पैकी त्या एक होत्या ना?

नाही. हा घोळ सर्वांत जास्त होतो, म्हणून सविस्तर सांगते.

एपिस्कोपल चर्चच्या सर्वसाधारण अधिवेशनात बायकांना प्रतिनिधी म्हणून बसायलाच १९७० पर्यंत थांबावं लागलं होतं. त्याच अधिवेशनात डीकनपद बायकांना खुलं झालं. प्रीस्टपद मात्र नाही. १९७३ च्या अधिवेशनात ठराव पुन्हा पडला. तेव्हा अकरा महिला डीकननी ठरवलं की आता परवानगीची वाट पाहायची नाही. पद सोडलेले किंवा निवृत्त झालेले तीन बिशप त्यांना दीक्षा द्यायला तयार झाले: डॅनियल कॉरिगन, रॉबर्ट डेविट आणि एडवर्ड वेल्स. जागा दिली फिलाडेल्फियातल्या चर्च ऑफ द अ‍ॅडव्होकेटने. उत्तर फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीतलं हे दगडी, उंच चर्च. तिथले रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक, पॉल वॉशिंग्टन यांनी आपली दारं चळवळीच्या माणसांना कायम उघडी ठेवलेली.

दिवस होता २९ जुलै १९७४, बेथानीच्या मरीया आणि मार्था यांचा सण. मार्था स्वयंपाकघरात राबते आणि मरीया येशूच्या पायाशी बसून शिकते, ही गोष्ट आठवली तर तारीख का निवडली ते लगेच कळतं. भर उन्हाळा, चर्चमध्ये सुमारे दोन हजार माणसं. अकरा जणींमध्ये सर्वांत वयस्क होत्या ७९ वर्षांच्या जेनेट पिकार्ड. याच बाईंनी १९३४ मध्ये फुग्यातून थेट स्थितांबरापर्यंत उड्डाण केलं होतं.

मिरवणूक आत शिरली तेव्हा सर्वांत पुढे क्रूस धरून चालत होत्या बार्बरा हॅरिस. वय ४४, त्या चर्चच्या वॉर्डन, म्हणजे कारभार पाहणाऱ्या सभासद. डीकनही नाहीत आणि प्रीस्टही नाहीत, एक साधी सभासद. क्रूस धरणाऱ्याचं काम काय असतं? दोन्ही हातांनी जड दांडा सरळ उभा धरायचा, नजर समोर ठेवायची आणि मागून येणाऱ्यांसाठी वाट काढायची. पंधरा वर्षांनी काय होणार, हे त्या दिवशी तिथे कुणालाही ठाऊक नव्हतं.

६. मग त्या अकरा जणींची दीक्षा कायदेशीर होती का?

बिशपमंडळाने पुढच्याच महिन्यात तातडीची बैठक घेतली आणि ती ग्राह्य नाही असं जाहीर केलं. त्यावर अधिवेशनातल्या प्रतिनिधीसभेचे उपाध्यक्ष चार्ल्स विली यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. २९ जुलैला प्रवचन त्यांनीच केलं होतं. १९७६ मध्ये मिनियापोलिसच्या अधिवेशनात महिलांच्या प्रीस्टपदाला मंजुरी मिळाली आणि आधीच्या दीक्षाही नियमित करून घेतल्या गेल्या. नियम मोडल्याशिवाय नियम बदलला असता का, असं लोक विचारतात. १९७० आणि १९७३ ला काय झालं ते वर सांगितलंच आहे. माझं उत्तर त्यातच आहे.

७. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या विद्यालयात, न शिकता त्या प्रीस्ट कशा झाल्या?

नियमात ती सोय होती आणि आहे. धर्मप्रांताच्या देखरेखीखाली स्वतः अभ्यास करायचा, मंडळीच्या परीक्षा द्यायच्या, आणि पारखणाऱ्या समित्यांसमोर उभं राहायचं. नोकरी करता करता त्या व्हिलानोव्हा विद्यापीठात ईशज्ञानाचे वर्ग करत होत्या, काही काळ इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे शहरी सेवेचं शिक्षणही घेतलं. १९७९ मध्ये डीकन, १९८० मध्ये प्रीस्ट. चाळिशी उलटल्यावर दिवसभराचं ऑफिस आटोपून रात्री वही उघडणाऱ्या बायका आपल्या आसपास पुष्कळ असतात. तसंच हे.

८. प्रीस्ट झाल्यावर आणि बिशप होण्याआधी त्यांनी काय केलं?

तीन कामं. पहिलं म्हणजे नॉरिस्टाउन गावातल्या सेंट ऑगस्टीन ऑफ हिप्पो या छोट्या चर्चची जबाबदारी, १९८० ते १९८४.

दुसरं, तुरुंगातली पाळकसेवा, फिलाडेल्फियाच्या तुरुंगांमध्ये. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. तिथे समोर बसलेल्याला तुमच्या पदाशी काही देणंघेणं नसतं. तुम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा येता की नाही, एवढंच तो पाहतो. बिशप झाल्यावरही बार्बराबाईंनी तुरुंगाच्या वाऱ्या सोडल्या नाहीत.

तिसरं काम लेखणीचं. १९८४ पासून त्या एपिस्कोपल चर्च पब्लिशिंग कंपनीच्या कार्यकारी संचालक होत्या. ‘द विटनेस’ हे पुरोगामी मासिक ही संस्था काढायची. त्यात त्यांचं सदर होतं ‘अ लुटा कॉन्टिनुआ’, म्हणजे ‘लढाई चालू आहे’. ही घोषणा मोझांबिकच्या स्वातंत्र्यलढ्यातली. दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद, आपल्याच चर्चमधला वंशद्वेष, स्त्रिया, समलिंगी माणसं, या सगळ्यांवर त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं. त्यांचा आवाज घोगरा होता आणि लेखणीही तशीच, कानाला गोड वाटावी म्हणून घासूनपुसून घेतलेली नाही.

९. त्यांना विरोध फक्त बाई म्हणून झाला का?

तोंडावर बोलली गेलेली कारणं अशी: घटस्फोटित आहेत, कॉलेजची पदवी नाही, सेमिनरीत गेलेल्या नाहीत, प्रीस्ट होऊन आठच वर्षं झाली आहेत, कुठल्या मोठ्या चर्चच्या रेक्टर राहिलेल्या नाहीत, आणि लिहितात ते फार डावं.

यातली एकेक गोष्ट खरी आहे. पण घटस्फोट झालेले पुरुष प्रीस्ट आणि बिशप अमेरिकेत तेव्हाही होते. अभ्यासाची वाट नियमातलीच होती (प्रश्न ७). राहिला लिखाणाचा मुद्दा, तर त्या जे लिहीत होत्या त्याचं उत्तर कुणी देत नव्हतं, फक्त त्यांनी ते लिहू नये असं म्हणत होते. शिवाय निनावी धमक्याही आल्या, आणि धमकी देणारे कुणाची पदवी तपासत बसत नाहीत. त्या बाई होत्या आणि काळ्या होत्या. या दोन गोष्टी बाजूला काढून उरलेल्या कारणांचं वजन करता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

१०. बिशप नेमला जातो की निवडून येतो?

मंडळीगणिक वेगळं. इंग्लंडमध्ये नाव पंतप्रधानांमार्फत राजाकडे जातं. अमेरिकेत धर्मप्रांतातले पाळक आणि चर्चचे सभासद-प्रतिनिधी मत देतात, आणि दोन्ही गटांत बहुमत लागतं. बॉस्टन ज्यात येतं त्या मॅसॅच्युसेट्स धर्मप्रांतात २४ सप्टेंबर १९८८ रोजी मतदान झालं. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या आणि आठव्या फेरीत बार्बरा हॅरिस निवडून आल्या.

तिथेच सगळं संपत नाही. देशभरातल्या धर्मप्रांतांच्या स्थायी समित्या आणि बिशप यांची बहुमताने संमती लागते. एरवी ती उपचारासारखी मिळते, या वेळी सगळ्यांचं लक्ष तिकडे लागलं होतं. जानेवारी १९८९ पर्यंत संमती मिळाली.

११. अभिषेकाच्या दिवशी काय घडलं?

कॅथीड्रल पुरणार नाही हे उघड होतं, म्हणून बॉस्टनचं हाइन्स कन्व्हेन्शन सेंटर घेतलं. आठ हजारांहून जास्त माणसं आली. धमक्यांमुळे पोलिसांनी त्यांना झग्याखाली बुलेटप्रूफ जाकीट घाला म्हणून सांगितलं. त्यांनी नकार दिला.

प्रवचन पॉल वॉशिंग्टन यांचं, म्हणजे ज्यांच्या चर्चमध्ये पंधरा वर्षांपूर्वी बार्बरांनी क्रूस धरला होता त्यांचंच. विधीत एक जागा अशी येते की पीठासीन बिशप, म्हणजे एपिस्कोपल चर्चचे प्रमुख, जमलेल्यांना विचारतात, या व्यक्तीच्या अभिषेकाला कुणाची हरकत आहे का? एरवी तिथे क्षणभर शांतता असते आणि विधी पुढे सरकतो. त्या दिवशी दोन जण पुढे येऊन आपापली हरकत वाचून गेले. पीठासीन बिशप एडमंड ब्राउनिंग यांनी दोन्ही ऐकून घेतल्या आणि विधी पुढे चालू ठेवला. मग पन्नासहून अधिक बिशपांनी त्यांच्याभोवती कोंडाळं केलं आणि हात ठेवले. इतक्या उंचापुऱ्या झग्यांच्या गर्दीत मधली ठेंगणी बाई दिसेनाशी झाली, आणि गर्दी बाजूला झाली तेव्हा ती बिशप होती.

प्रभुभोजनाच्या वेळी वेदीपाशी त्यांच्याबरोबर दोन बायका होत्या. एक कार्टर हेवर्ड, त्या अकरा जणींपैकी. दुसऱ्या फ्लॉरेन्स ली टिम-ओइ, वय ८१. जपानी आक्रमणाच्या काळात मकाऊला कुणी प्रीस्ट पोचू शकत नव्हता, तेव्हा हाँगकाँगचे बिशप रॉनल्ड हॉल यांनी २५ जानेवारी १९४४ रोजी या चिनी बाईंना प्रीस्टपदाची दीक्षा दिली होती. अँग्लिकन जगातली पहिलीच महिला प्रीस्ट. युद्ध संपल्यावर गदारोळ उठला आणि १९४६ मध्ये, बिशपांना त्रास नको म्हणून, त्यांनी आपला अधिकार वापरणं थांबवलं. पुढे चीनमध्ये चर्च बंद असताना त्यांनी फार सोसलं. पंचेचाळीस वर्षांनी बॉस्टनच्या त्या वेदीपाशी त्या उभ्या होत्या. या एका दृश्यापाशी मी दर वेळी थांबते.

१२. ‘सफ्रगन बिशप’ म्हणजे दुय्यम किंवा अर्धे बिशप ना?

नाही. अभिषेक तोच, अधिकार तेच, दीक्षा देणं आणि दृढीकरण करणं तेच. फरक कारभाराचा. धर्मप्रांताची मुख्य जबाबदारी दुसऱ्या बिशपांकडे असते आणि सफ्रगन त्यांच्यासोबत काम करतात. बार्बरा हॅरिस १९८९ ते २००२ सफ्रगनच राहिल्या. दर रविवारी वेगळ्या गावातलं चर्च, तिथल्या मुलांचं दृढीकरण, नंतर चहा आणि गप्पा. आपल्याला पुरुषांच्या टोळीतलं एक व्हायचं नाही, कृष्णवर्णीय स्त्री म्हणून जे अनुभवलं तेच घेऊन इथे आलो आहोत, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं.

धर्मप्रांताची मुख्य बिशप झालेली पहिली अँग्लिकन महिला म्हणजे न्यूझीलंडमधल्या ड्यूनेडिनच्या पेनी जेमीसन, १९९०.

१३. पण मेथडिस्ट मंडळीत तर आधीच महिला बिशप होत्या. मग ‘पहिल्या’ कशा?

बरोबर पकडलंत. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चने १९८० मध्ये मार्जरी मॅथ्यूज यांना बिशप निवडलं, १९८४ मध्ये लिऑन्टिन केली या कृष्णवर्णीय महिलेला. म्हणून ‘जगातल्या पहिल्या महिला बिशप’ असं नुसतं लिहिलं तर चूक. तिथल्या मेथडिस्टांमध्ये बिशप हा कामाचा अधिकार मानला जातो, तिसरी वेगळी दीक्षा नसते. प्रश्न २ मधली हात ठेवण्याची साखळी मानणाऱ्या अँग्लिकन मंडळ्यांमध्ये बार्बरा हॅरिस पहिल्या, असं म्हणावं.

आणखी दोन दुरुस्त्या. एपिस्कोपल चर्चच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला प्रीस्ट त्या नव्हेत. त्या पॉली मरे, १९७७. आणि मॅसॅच्युसेट्समधले पहिले कृष्णवर्णीय बिशपही त्या नव्हेत. जॉन बर्जेस तिथे १९६२ मध्ये सफ्रगन आणि १९७० मध्ये मुख्य बिशप झाले होते.

१४. बायबलात ‘अध्यक्ष एका स्त्रीचा पती असावा’ असं लिहिलं आहे. त्याचं काय करायचं?

पहिल्या तीमथ्याच्या तिसऱ्या अध्यायातलं हे वाक्य प्रत्येक चर्चेत येतंच. ते शब्दशः धरलं तर अविवाहित पुरुषही बिशप होऊ शकत नाही, आणि हे पत्र ज्याच्या नावावर आहे तो अविवाहित पौलही बाद होतो. त्या वाक्याचा रोख एकनिष्ठेवर आहे, असं बहुतेक अँग्लिकन मंडळ्या मानतात. समोर गलतीकरांस पत्रातलं वचन आहे: ‘पुरुष व स्त्री हा भेदच नाही’. आणि त्याच वाक्यात ‘दास व स्वतंत्र’ हेही आहे. जिची पणजी गुलामगिरीत जन्मली तिच्या कानांना ते वाक्य कसं लागलं असेल, याचा विचार करा.

शिवाय रोमकरांस पत्राच्या शेवटी फिबी आहे, मंडळीची सेविका. आणि रिकाम्या कबरेची बातमी घेऊन धावत आलेली मग्दालीया मरीया आहे. पुनरुत्थानाचं पहिलं प्रवचन तिचंच.

ज्यांना हे पटत नाही त्यांत श्रद्धावान, अभ्यासू माणसंही आहेत. त्यांचा आदर राखूनच मी वेगळं मत मांडते.

१५. इंग्लंडच्या चर्चने त्यांना मान्यता दिली होती का?

लगेच नाही. १९८८ च्या उन्हाळ्यात जगभरचे बिशप लॅम्बेथ परिषदेला जमले होते. तिथे ठरलं की महिला बिशप करायच्या की नाही हे प्रत्येक देशातल्या मंडळीने ठरवावं आणि इतरांनी त्या निर्णयाचा मान राखावा, भले पटो न पटो. पण इंग्लंडमध्ये तेव्हा महिला प्रीस्टसुद्धा नव्हत्या, आणि महिला बिशपला तिथे बिशप म्हणून काम करता येत नव्हतं. इतकंच काय, महिला बिशपच्या हातून दीक्षा घेतलेला पुरुष प्रीस्टही तिथे चालत नसे.

तिथे पहिल्या महिला प्रीस्ट झाल्या १९९४ मध्ये, पहिल्या बिशप लिबी लेन २६ जानेवारी २०१५ रोजी यॉर्कमध्ये. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या पदासाठी, सारा मलाली यांचं नाव जाहीर झालं. त्या आधी परिचारिका होत्या.

१९९८ च्या लॅम्बेथ परिषदेत पहिल्यांदाच महिला बिशप सहभागी झाल्या. अकरा जणी होत्या. हा आकडा योगायोगाचा, पण वाचताना १९७४ आठवतंच.

१६. गेल हॅरिस या त्यांच्या बहीण की मुलगी?

दोन्ही नाही, नातं काहीच नाही. बार्बरा हॅरिस निवृत्त झाल्यावर मॅसॅच्युसेट्सच्या सफ्रगन बिशप म्हणून गेल हॅरिस आल्या, जानेवारी २००३ मध्ये. त्याही कृष्णवर्णीय. आडनाव सारखं असल्यामुळे जुन्या बातम्या शोधताना गोंधळ होतो, तेवढं वर्ष पाहून घ्या.

१७. कॅथलिक मंडळीत महिला बिशप का नाहीत?

कॅथलिक मंडळी स्त्रियांना गुरुदीक्षा देत नाही, त्यामुळे पुढचा प्रश्नच येत नाही. वसईकडचे कॅथलिक वाचक हे वारंवार विचारतात, पण तो स्वतंत्र आणि मोठा विषय आहे.

१८. भारतात महिला बिशप आहेत का?

आहेत. चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये २०१३ साली आंध्र प्रदेशातल्या नंद्याळ धर्मप्रांतात ई. पुष्पललिता बिशप झाल्या, त्या मंडळीतल्या पहिल्या. आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात हा दिवस २०२४ मध्ये उजाडला, ओडिशातल्या फुलबनी धर्मप्रांतात व्हायोलेट नायक यांच्या रूपाने.

१९. बार्बरा हॅरिस यांचा महाराष्ट्राशी काही संबंध?

थेट नाही, आणि ओढूनताणून मी जोडणार नाही. पण त्यांचं शहर आपल्याला परकं नाही. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या फिलाडेल्फियातच, ११ मार्च १८८६ रोजी. त्या पदवीदान समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई गेल्या होत्या.

रमाबाईंनी १८८३ मध्ये अँग्लिकन मंडळीत बाप्तिस्मा घेतला होता. इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमला असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं असं निघालं, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली: तिकडे हे वाईट दिसेल म्हणून. रमाबाईंनी सुनावलं की आपण हिंदुस्थानात पुरुषांच्या सभांपुढेच बोलत आलो आहोत, आणि आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कुणाच्या ताब्यात दिलेली नाही. बाईने कुणाला शिकवावं हे बिशप ठरवणार, हे ऐकून घ्यायला नकार देणारी एक मराठी बाई शंभर वर्षं आधी होऊन गेली आहे. बार्बरांची गोष्ट मराठीत सांगताना मला रमाबाई आठवतात त्या यासाठी.

२०. निवृत्तीनंतर त्या काय करत होत्या? शेवट कसा झाला?

एपिस्कोपल चर्चमध्ये ७२ व्या वर्षी निवृत्ती सक्तीची. त्या २००२ मध्ये निवृत्त झाल्या आणि लगेच वॉशिंग्टनच्या धर्मप्रांतात मदतनीस बिशप म्हणून २००७ पर्यंत राबल्या. समलिंगी ख्रिस्ती माणसांना चर्चमध्ये पुरतं स्थान मिळावं म्हणून त्या शेवटपर्यंत बोलत राहिल्या. बाप्तिस्मा दिलात ना, मग तो अर्धवट कसा धराल, असा त्यांचा रोकडा सवाल असे. २०१८ मध्ये आठवणींचं पुस्तक आलं. न्यू हॅम्पशायरमध्ये मुलांच्या शिबिरांसाठी धर्मप्रांताने उभारलेल्या केंद्राला त्यांचं नाव आहे.

१३ मार्च २०२० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन इथे त्या वारल्या, वय ८९. करोनामुळे चर्चची दारं बंद होत होती तो हा आठवडा.

२१. संडे स्कूलच्या मुलांना पाच मिनिटांत गोष्ट सांगायची आहे. कुठून सुरू करू?

क्रूसापासून. एका मुलाच्या हातात लांब काठी द्या आणि ती दोन्ही हातांनी सरळ धरून वर्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू चालायला सांगा. हात भरून येतात, काठी डुलायला लागते. मग सांगा, की अशीच एक बाई जुलै महिन्याच्या उकाड्यात दोन हजार माणसांमधून चालत गेली होती, आणि तिच्या मागे अकरा जणी होत्या.